भाताला गाव असते

माझी आजी तांदूळ डोळ्यांनी पारखीत नसे. वाण्याने पोत्याचे तोंड उघडले की ती मूठभर दाणे डाव्या तळहातावर घेई, त्यांवर तोंडाची ऊब सोडी, दुसऱ्या हाताची ओंजळ पालथी घालून क्षणभर ते झाकून धरी आणि मग नाकाशी नेऊन डोळे मिटून घेई, आणि हा सगळा विधी आटोपल्यावर, दुकानदाराने भावाची गोष्ट काढण्यापूर्वीच, एकच प्रश्न विचारी, "गाव कंचं?" ज्या दुकानात या प्रश्नाला उत्तर मिळत नसे, त्या दुकानातून तिने तांदूळ घेतल्याचे मला स्मरत नाही. तिचे माहेर मुळशीच्या तलावाखाली होते. ज्या खाचरांत तिच्या बापाने आवणी केली, ज्या खळ्यावर तिच्या आईने भात पाखडले, त्यांवर वर्षानुवर्षे पाणी उभे होते. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, ताटात पडणाऱ्या भाताला गाव असलेच पाहिजे हा तिचा आग्रह अखेरपर्यंत सुटला नाही.

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून भूगाव, पिरंगुट, पौड या वाटेने पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाला आज जो मुळशी तालुका लागतो, तो इंग्रजी अमदानीतील महसुली दप्तरात मुळशी पेटा या नावाने नोंदलेला असे. सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला, ताम्हिणीच्या बाजूला पावसाने अक्षरशः झोडपून निघणारा, मुळा आणि निळा या नद्यांच्या काठांनी पायऱ्यापायऱ्यांची खाचरे मिरविणारा हा मुलूख भाताचा. आणि त्या भातातही ज्याची ओंबी फुलताना शेतावर व दाणा शिजताना घरात आंब्याच्या मोहोराचा दरवळ सुटतो, त्या आंबेमोहोराचा. आखूड, नाजूक, शिजल्यावर मऊ होऊन एकमेकांना बिलगणारा हा दाणा लेकराच्या पहिल्या पेजेसाठी, आजाऱ्याच्या पथ्यासाठी, उकडीच्या मोदकांच्या पिठीसाठी आणि सणाच्या वरणभातासाठी पिढ्यान्‌पिढ्या मानाचा समजला गेला. खुद्द मुळशीत त्याला कोणी एवढे मोठे नाव घेऊन हाक मारीत नाही. तिथे तो नुसता 'आंबेमोर'.

मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज पुरविण्यासाठी टाटांच्या कंपनीने या खोऱ्यात धरण बांधण्याचे ठरविले, तेव्हा पन्नासच्या आसपास गावांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव फिरून लोक उभे केले आणि पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही उपाधी याच लढ्याने दिली. धरणाला विरोध करणारा जगातील पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी त्याचे इतिहासातील स्थान निश्चित केले आहे. पण लढा हरला. जमिनीचा मोबदला ठरला तेव्हा त्यातील मोठा हिस्सा ज्यांच्याकडे त्या जमिनी गहाण वा खरेदीने गेल्या होत्या त्या पुण्याच्या सावकारांच्या पदरी पडला, आणि जे प्रत्यक्ष चिखलात उभे राहून भात पिकवीत होते ती कुळे बहुतांशी रिकाम्या हाताने डोंगरउताराकडे सरकली. १९२७ साली कोकणातील भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. पूर्वेकडे वाहणारे मुळेचे पाणी तेव्हापासून घाट उतरून पश्चिमेकडे जाते, आणि ज्या पाण्याने आंबेमोहोर पोसला ते मुंबईचे दिवे उजळते.

माणसेही त्याच दिशेने गेली. अर्थात मावळपट्ट्यातील माणसाने पोटासाठी मुंबईची वाट धरणे धरणापेक्षाही जुने आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोचविण्याचा जो उद्योग सुरू केला, त्यात खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव या भागांतील माणसे आजही प्रामुख्याने राबतात. दुसऱ्याच्या घरचे अन्न बिनचूक त्याच्या हाती पोचविणारा हा माणूस स्वतः मात्र आपल्या घरच्या भाताला अंतरलेला असतो, ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांनी ती उणीव आपल्या परीने भरून काढली. कोकणच्या माणसाला तिरफळाची आमटी आणि घाटावरच्या माणसाला भाकरी-झुणका त्यांच्याच चुलींनी दिला. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे दार दाखविले. गावापासून तुटलेल्या माणसाला गावचे अन्न मिळवून देणे हे केवढे मोठे लोककार्य आहे, याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

या सगळ्याचा अर्थ मला ज्या ठिकाणी उलगडला ते ठिकाण मात्र मुळशीपासून फार दूर आहे. काही वर्षांपूर्वी कन्या संशोधनासाठी न्यूयॉर्कला राहत असताना मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाकडील वॉशिंग्टन हाइट्स या वस्तीत मी एक संपूर्ण हिवाळा काढला. ही वस्ती दोमिनिकन लोकांची. डॉमिनिका नावाचे एक छोटे बेट वेगळे. हे लोक हिस्पॅनिओला बेटाचा पूर्वभाग व्यापणाऱ्या, पश्चिमेला हैतीशी सीमा लागलेल्या दोमिनिकन प्रजासत्ताकाचे. १९३० पासून देशावर पोलादी हुकमत चालविणारा त्रुहियो १९६१ च्या मे महिन्यात मारला गेला, १९६५ साली तिथे यादवी आणि पाठोपाठ अमेरिकेची फौज उतरली, आणि त्या उलथापालथीतून न्यूयॉर्ककडे जो लोंढा लागला तो पुढे कित्येक दशके थांबला नाही. सेंट निकोलस मार्गाच्या पाट्यांवर त्यांच्या स्वातंत्र्याचा जनक हुआन पाब्लो दुआर्ते याचे नाव जोडीने लिहिलेले आहे. रखवालदार, सफाई कामगार, मोटारचालक, शिंपीकाम करणाऱ्या बायका, छोटे दुकानदार अशी ही कष्टकऱ्यांची वस्ती.

आमच्या समोरच्या दारात राहणारी सत्तरीची विधवा सान फ्रान्सिस्को दे माकोरीसची होती. ते गाव सिबाओच्या खोऱ्यातले, आणि सिबाओ म्हणजे भाताचा प्रदेश, हे कळल्यावर आमची भाषा एक नसतानाही आमचे सूत जमायला वेळ लागला नाही. त्यांच्या दुपारच्या नित्याच्या जेवणाला ते 'ला बांदेरा' म्हणजे ध्वज म्हणतात: पांढरा भात, तांबड्या घेवड्याचे दाट कालवण आणि रश्शात शिजवलेले मांस. सकाळी उकडून घोटलेल्या हिरव्या केळ्यांचा 'मांगू', त्यावर आंबवणीत घातलेला तांबडा कांदा. थंडीत किंवा चार माणसे जमली की अनेक कंद आणि अनेक मांसे एका पातेल्यात रटरटवून केलेला 'सांकोचो'. चाळीस दिवसांच्या व्रतकाळात नारळाच्या दुधात शिजवलेल्या गोड घेवड्याची खीर. पण ज्या क्षणी मला माझी आजी समोर उभी राहिल्याचा भास झाला तो क्षण भात उतरविण्याचा. जाड ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, ज्याला ते 'काल्देरो' म्हणतात, तेलमिठावर शिजलेला भात वरून काढून झाला की तळाला धरलेला खरपूस, सोनेरी थर ती लोखंडी उलथन्याने हलकेच सोडवी. त्याला ते 'कोंकोन' म्हणतात. तो वेगळ्या ताटलीत काढून, त्यावर घेवड्याचा रस ओतून, घरातल्या माणसांना वाटून देण्याची त्यांची रीत आहे आणि त्यावरून मुलांची भांडणेही होतात. आजी पितळी पातेल्याच्या तळाची खरवड अशीच वाटून देई, आणि त्यावरून आम्ही भावंडे अशीच भांडत असू.

एके दिवशी त्या शेजारणीसोबत मी आणि कन्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मेण चोपडलेले कंद, जुड्या बांधून टांगलेला सुका ओरेगानो, तळण्याचे पांढरे चीज आणि हिरव्या केळ्यांची रास यांमध्ये उभी राहून तिने एक केळे उचलले, देठ निरखला आणि दुकानदाराला काही विचारले. कन्येने मला त्याचा अर्थ सांगितला. ती विचारीत होती, हे बाराओनाचे, की इक्वेडोरचे? बाराओना हा त्यांच्या देशाच्या नैर्ऋत्येचा प्रांत, तिथल्या केळ्यांचा त्यांच्या लेखी मान मोठा. दुकानदाराने सरळ सांगितले की ही इक्वेडोरची आहेत, घरची येतील तेव्हा कळवीन. तिने त्या दिवशी केळी घेतली नाहीत. सान्तो दोमिंगोपासून जवळजवळ अडीच हजार किलोमीटर अंतरावर, बर्फ पडत असताना, एका वृद्धेने केळ्याला गाव विचारले होते आणि तिला खरे उत्तर मिळाले होते.

त्या रात्री मी पुष्कळ वेळ जागा होतो. ज्या मातीतून माणूस उखडला गेला त्या मातीची चव त्याच्यापाशी कशाने टिकते, या प्रश्नाचे उत्तर मी इतकी वर्षे अंतरात शोधीत आलो होतो: जवळ असेल तर टिकते, दूर गेला की सुटते. आता ध्यानात आले की ती टिकते गाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकामुळे आणि खरे गाव सांगणाऱ्या दुकानदारामुळे. या दोघांत तो प्रश्न जिवंत असेल तोवर समुद्रही आड येत नाही. तो विझला की तीस किलोमीटरही पुरेसे होतात. कारण मुळशीतल्या पौडपासून पुणे साधारण तेवढ्याच अंतरावर आहे.

याच न्यायाने उद्या सिबाओच्या खोऱ्यातला एखादा विद्यार्थी आमच्या तालुक्यात येऊन राहिला, आणि लवळ्याच्या टेकडीवर आता देशोदेशीचे विद्यार्थी येतातही, तर त्याचे अन्न त्याला इथे अगदीच परके होणार नाही. मांगूसाठी त्याला वसईची राजेळी केळी किंवा केरळातून पुण्याच्या मंडईत येणारी नेंद्र केळी कच्ची मिळतील; घेवड्याला राजमा आहे; आणि ज्या कंदापासून त्याच्या बेटावरच्या मूळ ताइनो लोकांनी, विषारी रस पिळून काढून, तव्यावर भाजलेली 'कासाबे' ही पातळ भाकरी केली, त्याच कंदाचे पीठ आपल्या घरी एकादशीला साबुदाणा होऊन शिजते. कासाबेला २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आपल्या उपवासाच्या ताटातील साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि हिरवी मिरची ही सर्वच मंडळी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली. आणि त्यांच्या ध्वजातील भात आणि त्यांच्या मांगूचे केळे ही दोन्ही मुळात आशियाची. केळीचे रोप त्या बेटावर १५१६ साली एका स्पॅनिश धर्मगुरूने नेले असे इतिहास सांगतो. अन्न प्रवासाला भीत नाही. नवे गाव मिळाले की ते तिथे रुजते, आणि चारपाच पिढ्यांत त्या गावाचेच होऊन जाते. त्याला धोका असतो तो फक्त गाव पुसले जाण्याचा.

परत आल्यावर मी आंबेमोहोर शोधायला निघालो. पुण्याच्या पेठांतील दुकानांत 'आंबेमोहोर' असे ठळक अक्षरांत छापलेली पोती थप्पीने लागलेली होती. मी दाणे तळहातावर घेतले, ऊब दिली, वास घेतला. काहींना सौम्य सुगंध होता, काहींना नव्हता. "कुठला आहे?" असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळे: "आंबेमोहोर आहे, साहेब." ते नाव होते, गाव नव्हते. एका वृद्ध व्यापाऱ्याने मात्र मला बसवून घेतले आणि खरे सांगितले, की या नावाखाली विकला जाणारा पुष्कळ माल आंध्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येथून येतो. दाणा दिसायला सारखा, आखूड आणि बारीक, भाव परवडणारा, आणि गिऱ्हाईक विचारीत नाही. "विचारणारे गेले," तो म्हणाला, "तेव्हापासून आणणारेही गेले."

पिकविणाऱ्यांची बाजू ऐकायला मी पौडहून कोळवणच्या खोऱ्यात गेलो. पावसाळ्यापूर्वी राब भाजणे, मृगात पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलात आवणी, आणि इरले जाऊन प्लॅस्टिकचा कागद आला तरी पाठीत तेच वाकणे. पण या श्रमांतून हाती लागणारे पीक तुटपुंजे. आंबेमोहोर उंच वाढतो आणि ओंबी भरली की वाऱ्यापावसाने लोळतो; करप्याला चटकन बळी पडतो; उशिरा पिकतो; आणि एवढे सोसूनही खंडी भरता भरत नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने सिद्ध झालेले आंबेमोहोर-१५७ हे वाण आणि १९६६ साली फिलिपाइन्समध्ये जन्मलेले आय. आर.-८ हे ठेंगणे वाण यांच्या संकरातून १९८७ साली 'इंद्रायणी' आली, तेव्हा शेतकऱ्याने तिला जवळ केले यात त्याचा काडीइतकाही दोष नाही. इंद्रायणीला वास आहे, चव आहे, ती लोळत नाही आणि पदरात धान्य टाकते. तिने मावळातील कित्येक चुली पेटत्या ठेवल्या, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

भाताला त्याहून मोठा धोका जमिनीकडूनच आला. १९९० नंतर हिंजवडीत संगणकनगरी उभी राहिली, पिरंगुटला कारखाने आले, तलावाकाठी आणि डोंगरउतारांवर शेतघरांचे कुंपण चढले, आणि ज्या सातबाऱ्यावर 'भात' एवढीच पिकाची नोंद असे त्यावर बिगरशेतीचे शिक्के पडू लागले. जमीन विकून हातात आलेला पैसा संपल्यावर तरुणांच्या वाट्याला काय येते, हे प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या २०१८ च्या चित्रपटाने सर्व महाराष्ट्राला दाखविले. १९२१ साली जमीन सरकारी हुकमाने गेली होती. या वेळी ती खरेदीखतावर सही होऊन गेली. पहिल्या वेळी खोऱ्याने लढा तरी दिला होता.

त्या खोऱ्यातच मला एक शेतकरी भेटला. पन्नाशीचा, मितभाषी. त्याच्या बारा गुंठ्यांच्या एका खाचरात तो अजूनही आंबेमोहोर लावतो. परवडते का, असे मी विचारले. तो म्हणाला, "विकायला नाय लावत, आबा. बहिणी येत्यात दिवाळीला, त्यांना द्याया लागतो. आईनं सांगून ठेवलंय." बहिणी पुण्याला आणि मुंबईला दिलेल्या होत्या. त्याच्या आईने दाराआडून विचारले, पाहुण्याला पेज घातली का. आणि मग कासंडीतून आलेली ती पातळ, वाफाळती पेज, मिठाचा खडा घातलेली, मी कडुलिंबाच्या सावलीत बसून प्यालो. पहिल्या घोटाला मला आजीचे माहेर आठवले नाही, कारण ते मी पाहिलेलेच नाही. मला आजीचा तळहात आठवला.

शास्त्रज्ञ सांगतात की सुगंधी तांदळाचा हा दरवळ मुख्यतः २-ॲसिटाइल-१-पायरोलीन या द्रव्याचा असतो, तो बासमतीतही असतो, आणि तो उडून जाणारा असल्याने फार दिवस साठवल्यावर, फार सडल्यावर कमी होतो. म्हणूनच आजीची ऊब देण्याची युक्ती अचूक होती. उष्णतेने तो वास क्षणभर मोकळा होतो आणि दाण्याची कुळी कळते. म्हणूनच ज्यांना खरा आंबेमोहोर हवा आहे त्यांनी तो कार्तिकानंतर, नव्या हंगामात, थेट खोऱ्यातून, वर्षभराचा एकदम न घेता थोडा थोडा आणावा आणि मंद आचेवर, जाड बुडाच्या भांड्यात शिजवावा. शिट्टीच्या कुकरात तो शिजतो खरा, पण तळाची खरवड मिळत नाही.

कायद्याने या तांदळाला त्याचे गाव परत दिले आहे. २०१६ साली मुळशीच्या उत्पादकांच्या अर्जावरून आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावामागे एक भूमी आहे हे सरकारदरबारी मान्य झाले. शंभर वर्षांपूर्वी ज्या दप्तराने या खोऱ्याच्या जमिनी संपादित केल्या, त्याच परंपरेतील एका दप्तराने खोऱ्याच्या दाण्याची मालकी खोऱ्याकडे नोंदविली, याचे मला मनापासून समाधान वाटते. पण दाखला कपाटात राहतो आणि भात बाजारात विकला जातो. जोवर पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक दुकानात उभे राहून गाव विचारीत नाही, आणि खरे गाव सांगणाऱ्याला दोन पैसे जास्त मोजीत नाही, तोवर बारा गुंठ्यांचे खाचर बारा गुंठ्यांचेच राहील, आणि एखाद्या वर्षी तेही पडीक पडेल. वॉशिंग्टन हाइट्सच्या कष्टकऱ्यांना जे जमले ते आपल्याला जमू नये असे काही नाही. त्यांच्यापाशी पैसा आपल्याहून जास्त नव्हता, आग्रह होता.

मी त्या शेतकऱ्याकडून पाच पायली तांदूळ आणला. कन्येला तो धाडता येत नाही. धान्याला लागणाऱ्या खापरा भुंगेऱ्याच्या भीतीने अमेरिकेचा सीमाशुल्क विभाग प्रवाशाच्या सामानातून भारतीय तांदूळ आत येऊ देत नाही. म्हणून तो डब्यात तिची वाट पाहत राहिला. पौष महिन्यात ती आली. मी जाड बुडाच्या पितळी पातेल्यात भात चढविला, आच मंद केली, आणि झाकण निघाल्यावर स्वयंपाकघर मोहोराने भरून गेले. तळाची खरवड मी तिच्या ताटलीत वेगळी वाढली. तिने पहिला घास हातात धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि विचारले, "बाबा, गाव कोणतं?"

तिने पणजीला पाहिलेले नाही. तो प्रश्न ती कुठून शिकली हे मला ठाऊक होते. बर्फातल्या त्या दुकानात ती माझ्याशेजारी उभी होती. मी तिला कोळवणच्या खोऱ्याचे नाव सांगितले, खाचराच्या वरच्या बांधावर उभ्या असलेल्या कडुलिंबाविषयी सांगितले, आणि मग आम्ही दोघे जेवायला बसलो.